नुसता ट्रॅक

रेकॉर्डरच्या पाठीला चौकोनी तोंडाचं एक भोक होतं आणि मशीन घरात आल्यापासून त्यात कुणी काही खुपसलं नव्हतं. असं भोक आहे हेसुद्धा कानसेनाला सोमवारी सकाळी कळलं, टॉर्च घेऊन टेबलाखाली आडवं झाल्यावर.

"सापडलं गं!" तो खालूनच ओरडला. "कंप्युटरची तार इथं लागते."

वरून टेबलावर दोन टिचक्या वाजल्या. दोन म्हणजे हो, बरं, ठीक. एक म्हणजे नाही. तीन म्हणजे पुरे करा तुमचं पुराण. ऑपरेशननंतरचे चार महिने दोघांचा संसार या टिचक्यांवर आणि एका छोट्या पांढऱ्या पाटीवर चालला होता. पाटीचं पेन दोरीने बांधलेलं होतं, कारण कानसेन ते उचलून कुठेही ठेवायचा आणि मग बायकोला अर्धा दिवस हातवारे करत बसावं लागायचं.

कानसेन हे त्याचं खरं नाव नव्हे. ज्या स्टुडिओत त्याने पस्तीस वर्षं जाहिराती, नाटकं आणि पुढाऱ्यांची भाषणं रेकॉर्ड केली, तिथल्या लोकांनी ते ठेवलं होतं. गायला लागला तर शेजारी खिडक्या लावून घेत, पण कान असा, की पंखा बंद पडायच्या पंधरा दिवस आधी सांगायचा, हा आता जाणार. त्याच्या निवृत्तीच्या वेळी स्टुडिओत नवं सामान येत होतं, म्हणून जुना हार्ड डिस्क रेकॉर्डर त्यांनी निरोपादाखल त्याला देऊन टाकला. आठ ट्रॅकचं मशीन, सरकत्या बटणांची रांग, वर टोनच्या गोल बटणांची दुसरी रांग आणि मधोमध तळहाताएवढा हिरवा पडदा. कानसेनाने ते न्हाणीघराशेजारच्या सामानाच्या खोलीत मांडलं, भिंतींना जुनी ब्लँकेटं ठोकली आणि मायक्रोफोनसमोर बायकोला बसवलं. रेकॉर्डिंगच्या वेळी तिच्या कानाला हेडफोन असायचे आणि तो मशीन दाराबाहेर ओढून बसायचा.

बायको शाळेत भाषा शिकवायची. तिचा आवाज असा होता, की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा डुलकी घ्यायची हिंमत करत नसत. तीही निवृत्त झाल्यावर दोघांनी दृष्टिहीनांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून द्यायचं काम अंगावर घेतलं. ती वाचायची, तो मशीन सांभाळायचा. दहा वर्षांत त्रेसष्ट पुस्तकं झाली. एक आजोबा प्रत्येक पुस्तक संपलं की फोन करायचे आणि म्हणायचे, "बाई, तुम्ही वाचत असलात की घरात कुणीतरी आहे असं वाटतं."

त्या आवाजाचा कारखानाच आता डॉक्टरांनी काढून टाकला होता. गाठ स्वरयंत्रावर होती. लांब राहणारी बहीण दोन वर्षांनी भेटायला आली, दारातच म्हणाली, "अगं, तुझा आवाज कुठे गेला?" आणि दुसऱ्या दिवशी तीच तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. रोजच्या माणसाला रोजचा बदल कळत नाही म्हणतात, तसं झालं होतं. "आठ-नऊ महिने आधी आला असतात तर नुसत्या किरणांवर भागलं असतं," डॉक्टर कागद चाळत म्हणाले होते. "आवाज बसल्याचं घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" कानसेनाने मान हलवली होती. नाही आलं. त्याला स्वतःला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक नवी गोष्ट सांगितली. पेशंटच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्यांच्याकडे आवाज बांधून देतात. टॅब्लेटवर टाइप करायचं, की तो पेशंटच्याच आवाजात बोलतो.

"एक तास बोलणं हवं," बाई म्हणाल्या. "आणि कच्चं हवं बरं का. गाळलेलं, दाबलेलं, गोड केलेलं काही नको, त्याने आमचं मशीन फसतं. शुक्रवारी या तुकडीची यादी बंद होते. पुढची कधी, ते मला सांगता नाही येणार."

बायकोने तिथल्या तिथे पाटी उचलली आणि लिहिलं, "चार महिन्यांचं भांडण साचलंय. तयारी ठेवा." थेरपिस्ट बाई हसल्या. कानसेन हसला आणि लगेच रुमाल शोधायला लागला. ऑपरेशननंतर तिने केलेला तो पहिला विनोद होता.

एक तास? आमच्याकडे एक तास मागता? घरी येताना कानसेनाची छाती फुगली होती. घरी येऊन मशीन चालू केलं तेव्हा ती खाली बसली. कारण डिस्क लहान, पुस्तकं मोठी. प्रत्येक पुस्तक पुरं झालं, की तो सीडी करून ग्रंथालयात पोचवायचा आणि डिस्कवरून ते पुसून टाकायचा. जागा रिकामी केल्याशिवाय पुढचं पुस्तक सुरू करायचं नाही, ही त्याची शिस्त होती आणि शिस्तीचा त्याला फार अभिमान. ग्रंथालयात फोन केला तर तिथल्या माणसाने सांगितलं, "साहेब, आम्ही सगळं बारीक फायलींमध्ये दाबून घेतलं आणि सीड्या टाकून दिल्या. जागा कुठे होती?" त्या दाबलेल्या फायली थेरपिस्ट बाईंना चालणार नव्हत्या. कानसेनाला त्या माणसाचा राग आला, पण कुठल्या तोंडाने बोलणार? त्याने स्वतः तेच केलं होतं.

उरलं होतं फक्त शेवटचं पुस्तक. दीपगृहावर एकट्या राहणाऱ्या माणसाची जाडजूड कादंबरी, एकतीस बैठका झालेल्या आणि चाळीस पानं राहिलेली. अर्धवट राहिलं म्हणून पुसलं नव्हतं. सगळा आवाज त्या पेटीत, आणि पेटीतली डिस्क म्हातारी झालेली. सुरू होताना टक्-टक्-टक् करायची. कानसेनाला त्या टक्-टक्चा अर्थ चांगला कळत होता.

सोमवार तारेत गेला. बाजारातल्या दुकानदाराने चौकोनी तोंडाची तार बघून सांगितलं, ही प्रिंटरची, आता फारसं कुणी मागत नाही, आणि मग खोक्यातल्या वेटोळ्यांतून एक ओढून काढली. मंगळवारी सकाळी कानसेनाने मुलीचा जुना लॅपटॉप टेबलावर ठेवला, तार जोडली आणि हात चोळत बसला. लॅपटॉपवर चौकट आली. ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

आता फॉरमॅट म्हणजे काय, हे कानसेनाला माहीत होतं. स्टुडिओत नवी डिस्क आली की तोच करायचा. फॉरमॅट म्हणजे स्वच्छ, कोरी पाटी. पण चौकटीतली भाषा इतकी अदबशीर होती, की जणू ते केल्याशिवाय पुढे जाणं बरं दिसणार नाही. त्याने बोट हो या बटणावर नेऊन ठेवलं, काढलं आणि मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या शहरात, भर कामात.

"बाबा, काही दाबू नका!"

"अगं, ते विचारतंय."

"विचारू दे. विचारलं म्हणून उत्तर द्यायचं असतं का? आईची सगळी फाईल जाईल."

"मग याला दिसत का नाही डिस्क?"

"तुमच्या मशीनची भाषा लॅपटॉपला कळत नाही. त्याला वाटतं डिस्क कोरीच आहे. आधी नाही म्हणा. म्हटलं?"

"म्हटलं."

"आता तार काढा. तशी नाही ओढायची! आधी डिस्क सोड असं सांगायचं, मग काढायची."

"ओढली."

पलीकडे मोठा श्वास ऐकू आला. "बाबा, तुमच्या मशीनचं पुस्तक असेल ना? ते वाचा. मला मीटिंग आहे."

आयुष्यभर दुसऱ्यांना तारा कशा जोडायच्या ते शिकवलेला माणूस पोटमाळ्यावरून मशीनचं पुस्तक काढून, दोन चष्मे आलटून पालटून लावत वाचायला बसला. बायको शेजारी बसून पानं धरत होती. ओळीखाली बोट फिरवताना तिचे ओठ हलत होते, वर्गात मुलांकडून वाचून घेताना हलायचे तसे. गळ्याच्या भोकावरच्या पातळ फडक्यातून श्वास सूं-सूं येत होता. कानसेनाने त्या आवाजाची सवय करून घेतली होती, पण रात्री तो थांबला तर नाही ना, म्हणून जागा राहायचा.

बुधवारी दुपारपर्यंत एवढं कळलं. डिस्कचे दोन भाग होते. मोठ्या भागात रेकॉर्डिंग, तो फक्त मशीनला कळणारा. दुसरा लहानसा, टपालपेटीसारखा, तो दोघांनाही कळणारा. ट्रॅक निवडायचा, एक्सपोर्ट म्हणायचं, मशीन त्याची फाईल करून टपालपेटीत टाकणार. मग मशीनला कंप्युटरच्या स्वाधीन करायचं, फाईल उचलायची, डिस्क रीतसर सोडवायची, मग पुढची. एका बैठकीला पाऊण तास. यादीत सर्वांत वर शेवटची, एकतिसावी बैठक होती, म्हणून त्याने तिच्यापासून सुरुवात केली. हिरव्या पडद्यावर एक काळी रेघ मुंगीच्या पावलाने सरकायला लागली. मध्येच डिस्क टक्-टक् करायची, रेघ थांबायची, आणि दोघंही श्वास धरून बसायचे. निदान कानसेन तरी धरून बसायचा.

संध्याकाळी फाईल लॅपटॉपवर आली. बायको तोवर दमून आत जाऊन झोपली होती. बरंच झालं. कारण कानसेनाने फाईल लावली, आणि कुणीतरी पत्र्यावर वीट घासावी तसा आवाज आला.

"घातली माती!" तो लॅपटॉपला म्हणाला.

शब्द तिचेच होते. दीपगृहाची तीच पानं. पण प्रत्येक शब्दाच्या कडा फाटलेल्या, मधेच आवाज निसटून नुसती हवा. त्याने फाईल पुसली, पुन्हा एक्सपोर्ट केली, पुन्हा पाऊण तास बसला. तेच. गुरुवारी सकाळी जाऊन दुसरी तार आणली. तेच. लॅपटॉपला चांगले स्पीकर जोडले, तर खरखर आणखी स्वच्छ ऐकू यायला लागली. मशीनवर तीच बैठक लावून बघितली. मशीनवर आवाज मऊ, भरलेला, नेहमीचा. म्हणजे जे काही वाटोळं होत होतं ते वाटेत होत होतं. एक दिवस हातात उरलेला, आणि कंप्युटर बायकोचा आवाज खाऊन त्याचा चोथा बाहेर टाकत होता.

त्याने शेवटी स्टुडिओच्या जुन्या मेकॅनिकला फोन लावला. मशीनं दुरुस्त करता करता त्याचे केस पांढरे झाले होते, आणि कानसेनाला उस्ताद म्हणणारा तो एकटाच उरला होता.

"ट्रान्स्फरमध्ये आवाज खराब होतोय," कानसेन म्हणाला. "इथं मशीनवर घंटेसारखा, तिकडे खरखर."

"ट्रान्स्फरमध्ये आवाज नाही खराब होत, उस्ताद. फाईल एक तर येते, नाहीतर येत नाही."

"मग माझे कान खोटे?"

"तसं कोण म्हणेल? बरं, एक्सपोर्ट काय केलंत? ट्रॅक?"

"ट्रॅकच."

"मग नुसता ट्रॅक गेला. माइकमधून जसा आत आला तसा. वरची टोनची बटणं जी तुम्ही फिरवता, ती डिस्कवरच्या आवाजाला हात लावत नाहीत. ती फक्त वाजवताना लागतात, मशीनच्या मशीनमध्येच. टोन बंद करून मशीनवर ऐका की. दोन्हीकडे सारखंच येईल."

कानसेन म्हणाला, हो, बघतो. फोन ठेवला. हे सगळं त्याला माहीत होतं, नव्या पोरांना त्यानेच शिकवलं होतं. दहा वर्षांत एकदाही टोन बंद करून ऐकायची वेळ आली नव्हती, इतकंच.

त्याने टोनचं बटण बंद केलं आणि बैठक लावली.

पत्र्यावर वीट घासली गेली.

चालू केलं. मऊ. बंद केलं. वीट. चालू, बंद, चालू, बंद. असं त्याने किती वेळा केलं कुणास ठाऊक. मग तो उठला, खोलीचं दार आतून लावलं, आणि एकेक बैठक उघडून तिच्या टोनचे आकडे बघायला बसला. मशीन प्रत्येक बैठकीबरोबर तारीख आणि बटणं किती फिरवली ते लिहून ठेवत असे. एकतिसावी, उणे बारा. म्हणजे खरखरीची जागा त्याने मशीन जाईल तितकी खाली दाबली होती. पंचविसावी, उणे दहा. अठरावी, उणे सात. दहावी, उणे चार. प्रत्येक वेळी एखादं घर खाली, आणि खालची भर एखादं घर वर, म्हणजे पोकळी कळू नये. पहिली बैठक शून्य असेल, अशी आशा करत तो मागे मागे गेला. पहिली उणे दोन होती. तारीख सव्वा वर्षापूर्वीची. डॉक्टरांच्या आठ-नऊ महिन्यांच्याही आधीची. आणि त्याच्याही मागे काय होतं, ते शिस्तीने पुसून टाकलेलं होतं.

लक्षात आलं नव्हतं, असं कसं म्हणणार? डोक्याच्या लक्षात आलं नसेल. हाताच्या आलं होतं. ती वाचायला लागायची, कानाला काहीतरी टोचायचं, हात बटणाकडे जायचा, टोचायचं थांबायचं, आणि कानसेन खूश. पस्तीस वर्षं त्याने हेच केलं होतं. सर्दी झालेल्या नटाला ठणठणीत करून पाठवायचं, म्हाताऱ्या पुढाऱ्याला दहा वर्षांनी तरुण करायचं. माणसाला काय होतंय हे विचारायचं काम रेकॉर्डिस्टचं नसतं. त्याने पेटीला मिठी मारल्यासारखे दोन्ही हात टाकले.

दारावर दोन टिचक्या पडल्या. मग पुन्हा दोन, अधीर.

त्याने दार उघडलं. बायको पाटी घेऊन उभी होती. पाटीवर लिहिलेलं होतं, "आला का माझा आवाज?"

नाही म्हणणं शक्य नव्हतं, यादी उद्या बंद होणार होती. मनातल्या मनात त्याने हिशेब केला. पहिल्या-दुसऱ्या बैठकीत खरखर सर्वांत कमी. त्या दोन मिळून तास भरेल. "बस," तो म्हणाला. "वेळ लागेल." ती बसली. त्याने पहिल्या दोन बैठका एक्सपोर्टला लावल्या, आणि दीड तास दोघं मुंगीच्या पावलाने सरकणारी रेघ बघत राहिले. डिस्क टक्-टक् करायची तेव्हा ती त्याचा दंड धरायची. एकदा तिने पाटीवर लिहिलं, "पहिलं वाक्य काय टाइप करू?" आणि खाली, "चष्मा कपाळावर आहे तुमच्या." त्याला हसता येईना. तिला वाटलं, काळजीने.

फायली आल्या. त्याने दुसरी लावली, कारण यादीत ती वर दिसत होती.

आधी तिच्याच आवाजात तारीख आली, मग पुस्तकाचं नाव, मग पान. प्रत्येक बैठकीची ती तशीच सुरुवात करायची, शाळेत हजेरी घ्यावी तशी. बायकोने दोन्ही हात तोंडावर ठेवले. चार महिन्यांत तिने स्वतःला ऐकलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे हलत होते आणि ती हसत होती, आवाजाशिवाय. कानसेन तिच्याकडे बघू शकत नव्हता. तो पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होता.

थोड्या वेळाने हसणं थांबलं. तिने मान तिरकी केली. वर्गात कुणी चुकीचं वाचलं की करायची तशी. मग पाटी पुसून लिहिलं, "खरखरतंय. कंप्युटर खराब आहे का?"

हो म्हणायचं होतं नुसतं. दोन टिचक्याच मारायच्या होत्या. सकाळी त्याला स्वतःलाही तेच वाटलं होतं, तेव्हा ते खोटंसुद्धा पुरतं खोटं झालं नसतं. त्याने टेबलावर बोट टेकवलं.

तेवढ्यात स्पीकरमधली ती वाचता वाचता थांबली. पान उलटल्याचा आवाज. पाण्याचा एक घोट. मग ती म्हणाली, पुस्तकातलं नव्हे, स्वतःचं:

"अहो, घशात काहीतरी अडकल्यासारखं होतंय बरेच दिवस. खरखर येतेय का हो आवाजाला? खरं सांगा. दाखवून येऊ का कुणाला?"

मग शांतता. त्याचं उत्तर रेकॉर्ड झालेलं नव्हतं. काचेपलीकडून, म्हणजे या घरात दाराच्या फटीपलीकडून, तो तिच्या हेडफोनमध्ये बोलायचा आणि ते डिस्कवर जात नसे. आठ-दहा सेकंद नुसती ब्लँकेटांची शांतता. पण कानसेनाला आपलं वाक्य शब्दन् शब्द आठवलं. घंटेसारखा येतोय, ऐक की हेडफोनमध्ये. असं म्हणून त्याने बटण एक घर खाली केलं होतं आणि तोच आवाज तिच्या कानात सोडला होता. तिला बरं वाटावं म्हणून. बैठक पुरी व्हावी म्हणून.

स्पीकरमधली ती हसली. "हो की. कानात तर छानच येतोय. तुम्ही म्हणता तर असेल बुवा. तुमचा कान." आणि पान उलटून पुढे वाचायला लागली.

बायकोने हात पुढे करून फाईल थांबवली. ती त्याच्याकडे बघत होती. राग अजून आला नव्हता, ती नुसतं समजून घेत होती, आणि कानसेनाला वाटलं की राग आला असता तर बरं झालं असतं.

"कंप्युटर खराब नाही," तो म्हणाला. "तुझा आवाज असाच होता. मी टोन फिरवून तो... तुला हेडफोनमध्ये जे यायचं ते माझं केलेलं असायचं." शब्द पुरेनात म्हणून त्याने मशीनवर बैठक लावली आणि बटण दाबून दाखवलं. चालू. बंद. चालू. बंद. चारदा. तिने पाचव्या वेळी त्याचं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. मग तिने स्वतः ते बटण दाबलं, सावकाश, एकदा इकडे, एकदा तिकडे. गळ्यावरचं फडकं जोरजोरात आत-बाहेर होत होतं. ती ओरडत होती. तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि खोलीत सूं-सूंशिवाय काही नव्हतं. जगातला सर्वांत चांगला कान तीन फुटांवर बसला होता आणि त्याला ऐकायला काही मिळत नव्हतं.

शेवटी ती शांत झाली. लॅपटॉपवर दोन फायली होत्या आणि उद्या शुक्रवार होता. काहीतरी करायला हवं, काहीतरी दुरुस्त करायला हवं, आणि कानसेनाच्या तोंडून जे निघालं ते निघून गेल्यावरच त्याला ऐकू आलं.

"पाठवायच्या आधी मी थोडा साफ करून देतो. पहिल्यासारखा करून देतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तिने पाटी ओढून घेतली. काहीतरी लिहिलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, तळहाताने पुसलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा अक्षर फळ्यावरच्यासारखं सरळ आणि मोठं होतं. पाटी तिने त्याच्या मांडीवर ठेवली.

"हाच पाठवायचा. आता तुम्ही बोलू नका. ऐका."

मग तिने पहिली फाईल लावली, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसली.